प्राचीन चिन्हावरून रंग-मातीचे अमूर्त चित्र : कागदापासून खिळ्यापर्यंतचा क्रम

प्राचीन चिन्हांवरून अमूर्त काम करू पाहणाऱ्यांच्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. चित्र कागदावर पक्के होण्याआधीच माती मळली जाते, माती पुरती वाळण्याआधी भट्टीत जाते, आणि पाट्यांचे अंतिम माप हाती येण्याआधी फळीवरचा रंग संपवून टाकलेला असतो. मग तडकलेली पाटी, फुगलेली फळी किंवा ‘हे तर चक्रव्यूहाचेच चित्र आहे की’ असा पाहुण्याचा शेरा, यांपैकी काहीतरी पदरी पडते. या लेखात एकच काम सुरुवातीपासून भिंतीवर लागेपर्यंत क्रमाने मांडले आहे.

काम असे आहे : ६० × ४५ सेंमी आकाराची प्लायवूडची फळी, तिच्यावर १५ सेंमी चौरसाच्या, भाजलेल्या मातीच्या चार पाट्या आणि उरलेल्या जागेत रंग. उदाहरणासाठी गोव्यातील सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभा दगडावर कोरलेली चक्रव्यूहासारखी वर्तुळाकार आकृती घेतली आहे. क्रम मात्र कोणत्याही चिन्हाला लागू पडेल. कोरड्या ऋतूत या कामाला तीन ते चार आठवडे लागतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक दिवस माती वाळण्यात जातात. पावसाळ्यात सुरुवात करू नये.

## आधी जमवायचे साहित्य

भाजता येणारी लाल माती सुमारे ६ किलो लागेल. तिच्याबरोबर १२ मिमी जाडीची प्लायवूडची फळी, तेवढ्याच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, लाटणे, माती कापायची तार, जुने सुती कापड, पातळ सुरी, कोरणी, स्पंज आणि प्लास्टिकचा मोठा कागद हवा. रंगकामासाठी अॅक्रिलिक प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा हात), अॅक्रिलिक मीडियम (रंग धरून ठेवणारा द्रव), गेरू, पिवळी माती, काळा आणि पांढरा रंग, रुंद ब्रश, छोटा रोलर आणि मास्किंग टेप घ्यावा. जोडणीला न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन (लवचीक राहणारे चिकटद्रव्य) लागते. स्वयंपाकघरातील वजनकाटा मात्र विसरू नये, कारण पुढे एका टप्प्यावर सारा निर्णय त्याच्यावरच सोपवायचा आहे.

मातीच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. गणपतीची शाडू माती सहज मिळते म्हणून ती आणली जाते, पण ती न भाजता वापरण्याची माती आहे. पाण्यात ती पुन्हा विरघळते आणि भिंतीवरच्या पातळ पाटीसाठी ठिसूळ ठरते. शेतातली काळी मातीही चालत नाही. ती वाळताना इतकी आकसते की पाटीचे तुकडे होतात, आणि दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे हमखास असतात. भाजल्यावर हे खडे कळीचा चुना होतात, हवेतला ओलावा ओढून फुगतात आणि पाटीचा पृष्ठभाग आठवड्याभराने टवके काढून टाकतात. म्हणून कुंभाराकडूनच तयार माती घ्यावी. तिच्यात राख, लीद किंवा बारीक वाळू घातलेली असल्यास ती आपल्याला सोयीचीच असते.

## टप्पा १ : चिन्ह निवडणे

ज्याचे नाव पाहणाऱ्याच्या ओठांवर आधीच तयार आहे, असे चिन्ह पहिल्या कामासाठी घेऊ नये. स्वस्तिक, ॐ आणि श्री ही चिन्हे मराठी डोळ्याला इतकी सवयीची आहेत की कितीही मोडतोड केली तरी डोळा ती पुन्हा जोडून घेतो आणि हात जोडले जातात. तिथे रेषेकडे पाहायला कोणी थांबत नाही. तुलनेने अनोळखी चिन्हे अधिक मोकळीक देतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवरील, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवरील कातळशिल्पे, संगमनेरजवळ जोर्वे येथे सापडलेल्या प्राचीन लाल भांड्यांवरील काळ्या रंगाची भौमितिक नक्षी, सातवाहनांच्या नाण्यांवरील चार टोकांना वर्तुळे असलेले उज्जयिनी चिन्ह हे तीन साठे मराठी माणसाच्या आवाक्यात आहेत आणि एका जन्मात संपणारे नाहीत.

वारली चित्रांतील चौक ‘प्राचीन चिन्ह’ म्हणून उचलण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. तो आजही लग्नविधीत लिहिला जातो, त्याच्यामागे जिवंत समाज आहे, आणि त्याची तोडफोड करून आपले नाव खाली घालणे हे वेगळे प्रकरण आहे.

तपासणी : निवडलेले चिन्ह घरातील कोणाला तरी पाच सेकंद दाखवावे. नाव लगेच सांगितले गेले तर दुसरे चिन्ह शोधावे.

## टप्पा २ : नोंद घेणे

स्थळावर जाता आले तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. कातळावरच्या खोबणी उथळ असतात. माथ्यावरच्या उन्हात त्या दिसेनाशा होतात आणि तिरप्या उन्हात सावली धरतात. छायाचित्र काढताना प्रकाश कोणत्या बाजूने येत होता ते वहीत बाणाने नोंदवावे. ही नोंद क्षुल्लक वाटते, पण तिच्यावाचून घरी आल्यावर गोंधळ होतो : प्रकाशाची बाजू डोळ्याने उलटी धरली की खोबणी उंचवट्यासारखी दिसू लागते, आणि कोरीव रेघ मातीत उठावाची रेघ होऊन बसते.

शेजारी मोजपट्टी ठेवून एक छायाचित्र घ्यावे आणि आकृतीभोवती पूर्ण फेरी मारावी. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीच्या सड्यावरील हत्तीसारखी सुमारे १८ मीटर लांबीची आकृती उभ्याने एका नजरेत मावत नाही. तिथे चालताना रेघ जशी क्रमाक्रमाने समोर येते, तो अनुभव वरून घेतलेल्या छायाचित्रात नसतो. दोन्ही नोंदी लागतात.

सावधान : खोबणीत खडू, चुना, रंग किंवा पाणी भरून ती उठावदार करू नये, तिचा ठसा घेऊ नये, जवळच्या कातळावर स्वतःची रेघ ओढू नये. जांभा मऊ असतो आणि त्यावर झालेली झीज परत भरत नाही.

## टप्पा ३ : कागदावरची वजाबाकी

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. मी किमान चार बैठका देतो आणि तरीही कधी कधी पाचवी लागते.

चिन्हाचे हुबेहूब चित्र एकदाच काढावे आणि उलटे करून ठेवून द्यावे. त्यानंतर ८ सेंमीच्या चौकटींत तेच चिन्ह केवळ आठवणीने दहा वेळा काढावे. आठवण जे टाकते ते बहुधा टाकण्याजोगे असते. दहाही चौकटींत जे टिकून राहते तिथे चिन्हाचा कणा सापडतो. आता तो कणा एका क्रियापदाच्या वाक्यात लिहावा. उसगाळीमळच्या आकृतीसाठी माझे वाक्य असे होते : ‘केंद्राकडे निघालेली वाट दर खेपेस वळवली जाते.’ रत्नागिरी जिल्ह्यातच बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा माणूस कोरलेला आहे. तिथे ‘उभी रेघ दोन्ही बाजूंचा दाब पेलते’ असे लिहिता येईल. वाक्यात ‘चक्रव्यूह’, ‘वाघ’ किंवा ‘माणूस’ हे नाम आले, तर वाक्य अजून कच्चे आहे असे समजावे.

हे वाक्य समोर चिकटवून वजाबाकी सुरू करावी. प्रत्येक नव्या चौकटीत एकच गोष्ट काढून टाकावी : बाहेरचे पूर्ण वर्तुळ, समान अंतर, समान जाडी, मधला बिंदू. दोन गोष्टी एकदम काढल्या तर कोणत्या गोष्टीने चित्र बिघडले किंवा सुधारले हे कळत नाही. चिन्ह वाकडेतिकडे करणे म्हणजे अमूर्त करणे, अशी समजूत असलेले लोक याच ठिकाणी सगळ्या रेषा लाटांसारख्या हलवून मोकळे होतात. त्यातून चिन्ह तेच राहते आणि फक्त ओले झाल्यासारखे दिसते.

वजाबाकी कुठे थांबवावी यासाठी दोन सीमा सांगता येतात. पाहणारा अजूनही चिन्हाचे नाव घेत असेल तर अलीकडे आहोत; भिंतीवरचे वाक्य आपल्यालाच चित्रात सापडत नसेल तर पलीकडे गेलो आहोत.

त्यानंतर काटकोनात कापलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे जोडून खिडकी करावी आणि ती चित्रावर सरकवत चिन्हाचा एखादा भागच चौकटीत घ्यावा. केंद्र चौकटीबाहेर गेले तर बऱ्याचदा चित्र उघडते. उदाहरणातल्या कामात मी केंद्र खालच्या उजव्या पाटीच्या कडेवर आणले, आणि वरच्या डाव्या पाटीला नव्वद अंशांनी फिरवले, म्हणजे तिच्यावरची वाट शेजारच्या पाटीला भिडतच नाही.

आता वाटणी करावी. सावलीला जमण्यासारखे काम मातीला द्यावे आणि सावलीला न जमणारे रंगाला. जाड-बारीक रेघ, खोली, कडा, खडबडीतपणा ही सावलीची कामे होत. विस्तीर्ण सपाट पट्टा, उबदार-थंड रंगांतला ताण, एका थरातून दिसणारा दुसरा थर ही रंगाची. एकच रेघ मातीत कोरून वर पुन्हा रंगाने गिरवली, तर दोन्ही माध्यमे एकमेकांचे काम मारतात. नवशिक्यांच्या दहातील आठ कामांत मला हाच दोष दिसतो.

शेवटी ६० × ४५ सेंमीचे पूर्ण आकाराचे रेखाटन करावे, पाट्यांच्या चौकटी त्यात आखाव्यात आणि दोन पाट्यांमध्ये ६ मिमी फट धरावी.

तपासणी : रेखाटन भिंतीला उलटे टांगून एक रात्र ठेवावे. सकाळी उलट्या चित्रातही तोल टिकला असेल तरच मातीला हात लावावा.

## टप्पा ४ : मातीची परीक्षा आणि मळणी

मातीची १४ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद आणि १.२ सेंमी जाड अशी पट्टी करावी. ओली असतानाच तिच्यावर सुरीने बरोबर १० सेंमीची रेघ मारावी, पट्टी वाळवावी आणि ज्या भट्टीत पुढे पाट्या जाणार आहेत त्याच भट्टीत भाजून आणावी. रेघ ९.२ सेंमी उरली तर माती ८ टक्के आकसते. अशा मातीत १५ सेंमीची पाटी हवी असल्यास १५ ला ०.९२ ने भागून १६.३ सेंमीची पाटी कापावी लागते. पाट्यांपुरते रेखाटन झेरॉक्सच्या दुकानात १०९ टक्क्यांवर मोठे करून घेतले की त्याचाच साचा म्हणून उपयोग होतो. ही परीक्षा टाळणाऱ्याच्या पाट्या फळीवरच्या आखणीत बसत नाहीत, आणि मग ६ मिमीची फट १५ मिमीची होते. माझ्या पहिल्या कामात ती तशी झाली होती आणि ती झाकण्यासाठी मी जे काही रंगवले ते आठवणे नको.

परीक्षेचा निकाल हाती आल्यावर माती मळावी. कणीक मळतो तशी दुमडत, दाबत आणि दर थोड्या वेळाने तारेने कापून उलट्या बाजूंनी पुन्हा आपटत दहा-पंधरा मिनिटे मळणी चालावी. कापलेल्या पृष्ठभागावर ओले-सुके पट्टे दिसत असतील तर मळणी अपुरी आहे. हाताला माती चिकटत असेल तर ती कापडावर पसरून ठेवावी. सुकी माती भुरभुरवून घट्ट करू नये, त्याने गाठी होतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा कण मातीत गेला तर तोही चुनखडीसारखाच पुढे टवका काढतो, म्हणून प्लास्टरचे काम त्याच टेबलावर करू नये.

## टप्पा ५ : पाट्या लाटणे

दोन लाकडी पट्ट्यांमध्ये कापड अंथरून त्यावर मातीचा गोळा आधी तळहाताने चपटा करावा आणि मग लाटणे पट्ट्यांवर टेकेपर्यंत लाटावे. दर तीन-चार फेऱ्यांनी माती कापडासकट उचलून उलटावी आणि लाटण्याची दिशा नव्वद अंशांनी बदलावी. एकाच दिशेने लाटलेली पाटी त्या दिशेला अधिक आकसते, आणि चौरसाचा आयत होतो. साच्यापेक्षा प्रत्येक बाजूने १ सेंमी जास्त ठेवून पाटी तासभर तशीच राहू द्यावी. थोडी घट्ट झाल्यावर अंतिम मापाला कापल्यास कडा ओढल्या जात नाहीत.

चारऐवजी पाच पाट्या कराव्यात. त्या पाचवीची गरज लागणार नाही असे समजून चालणे महागात पडते.

सावधान : पाटी कोपऱ्याने उचलू नये. एकदा वाकलेली पाटी हाताने सरळ केली तरी वाळताना त्याच बाजूने पुन्हा उचलते. नेहमी फळीवर किंवा कापडावर घेऊन हलवावी.

## टप्पा ६ : कोरणे आणि उठाव देणे

पाटी ओल्या चामड्यासारखी झाली, म्हणजे बोट दाबल्यावर ठसा उमटतो पण माती बोटाला लागत नाही, की कोरण्याची वेळ झाली असे समजावे. ही अवस्था झाकून ठेवलेल्या पाटीत एक-दोन दिवस टिकवता येते, उघड्यावर काही तासांत निघून जाते. साचा पाटीवर ठेवून बोथट टोकाने रेघ उतरवावी आणि मग कोरणीने खोबणी काढावी. पाटीची जाडी १.२ सेंमी असल्याने खोबणीच्या तळाशी किमान ७ मिमी माती शिल्लक राहिली पाहिजे. म्हणजेच खोली ५ मिमीच्या पुढे नेता येत नाही.

उठाव द्यायचा असेल तर वर लावायची माती त्याच ओलीची असावी. दोन्ही बाजूंना सुरीने आडव्या-उभ्या चिरा पाडून, त्याच मातीचा दह्याइतका दाट गारा लावून दाबावे आणि जोडाची कड लाकडी काडीने मिटवावी. चिरा न पाडता नुसते पाणी लावून चिकटवलेला भाग वाळताना सुटतो, आणि जो वाळताना सुटत नाही तो भट्टीत सुटतो. उठाव ४ मिमीपेक्षा उंच नको. उंच कडेवर सावली रुंद पडते आणि शेजारच्या बारीक रेघा गिळते.

मागच्या बाजूला जोडणीसाठी २ मिमी खोल आडव्या खाचा याच वेळी पाडाव्यात. भाजून झाल्यावर हे काम होत नाही.

तपासणी : रात्री खोलीतला दिवा मालवून विजेरी पाटीच्या पातळीवर आडवी धरावी. जी रेघ या प्रकाशातही दिसत नाही ती भिंतीवर मुळीच दिसणार नाही. ती खोल करावी किंवा पुसून टाकावी. सगळ्याच रेघा सारख्याच ठळक दिसत असतील तर निम्म्या उथळ कराव्यात.

## टप्पा ७ : वाळवणे

पाटीच्या कडा आधी वाळतात आणि मधला भाग मागे राहतो. कडा आकसून घट्ट झाल्यावर मध्य आकसू लागला की एक तर पाटी वाटीसारखी वाकते, नाही तर तडकते. सारी काळजी हे अंतर कमी ठेवण्यासाठी घ्यायची असते. पहिले दोन दिवस पाट्या लाकडी फळीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवाव्यात आणि प्लास्टिकने पूर्ण झाकाव्यात. पुढचे तीन दिवस प्लास्टिक मधून उघडे करावे, कडांवर मात्र त्याच्या पट्ट्या राहू द्याव्यात. त्यानंतर झाकण काढून पाट्या जाळीवर ठेवाव्यात आणि रोज एकदा उलटाव्यात. पंखा आणि ऊन दोन्ही वर्ज्य.

ओल्या चामड्याच्या अवस्थेत केसासारखी भेग दिसली तर ती लाकडी काडीने दाबून मिटवता येते. पाटी पांढुरकी झाल्यावर दिसलेली भेग ओल्या मातीने भरू नये, कारण भरलेली माती आकसून पुन्हा तीच भेग उघडते. तिथे पाचवी पाटी कामास येते.

वाळली की नाही हे रंगावरून ठरवू नये. पाटी गालाला लावून पाहण्याची जुनी रीत चांगली आहे, कारण गार लागणाऱ्या पाटीत पाणी शिल्लक असते. पण वजनकाटा अधिक खरा. रोज त्याच वेळी पाटीचे वजन लिहावे आणि सलग दोन दिवस ते एका ग्रॅमनेही कमी झाले नाही तरच ती भट्टीसाठी तयार मानावी.

सावधान : वाळलेल्या पाटीच्या कडा कोरड्या कागदाने घासू नयेत. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साचते. ओलसर स्पंज हलक्या हाताने फिरवावा आणि टेबलही ओल्या फडक्याने पुसावे.

## टप्पा ८ : भाजणे

पाटी भट्टीत फुटली की त्याचे खापर मातीतल्या हवेच्या बुडबुड्यांवर फोडले जाते. खरे कारण बहुतेक वेळा पाणी असते : १०० अंशांला ते वाफ होते, जाड मातीतून बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पाटी आतून उडते. म्हणून विजेच्या भट्टीत पहिल्या १२० अंशांपर्यंत तासाला ६० ते ८० अंशांहून वेगाने जाऊ नये आणि तिथे दोन तास थांबावे. पुढे ६०० अंशांपर्यंत तासाला सुमारे १०० अंश ठेवावेत. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचे आकारमान अचानक बदलते, आणि चढताना व उतरताना दोन्ही वेळा ही जागा संथपणे ओलांडावी लागते. त्यानंतर ९५० अंशांपर्यंत चढून भट्टी बंद करावी. आतले तापमान १०० अंशांखाली येईपर्यंत झाकण उघडू नये. पुढचा दिवस थांबावे हे सोपे.

विजेची भट्टी नसेल तर कुंभाराच्या भट्टीत पाट्या भाजून घेता येतात. त्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या, भांड्यांच्या मध्ये आणि ज्वाळेपासून दूर लावून देण्याची विनंती करावी, कारण मडक्यांखाली आडवी पाटी हमखास मोडते. इथे तापमान कमी राहते आणि धुराचे काळे डाग पडतात. ते डाग घासू नयेत; पुढे रंगाची योजना त्यांना धरूनच बदलावी. घरातल्या ओव्हनमध्ये किंवा गॅसवर माती भाजली जात नाही, ती फक्त आणखी वाळते.

तपासणी : गार पाटी टिचकीने वाजवावी. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आत तडा असल्याचे सांगतो. चांगल्या पाट्याही आठवडाभर उघड्या हवेत ठेवून चुनखडीचा टवका निघतो का ते पाहावे. रंगवल्यानंतर निघालेला टवका लपवता येत नाही.

## टप्पा ९ : फळी तयार करणे आणि रंग

माती वाळत असताना फळीच्या सहाही बाजूंना प्राइमर लावून घ्यावा. पुढचीच बाजू रंगवली तर दमट हवेत मागची बाजू पाणी पिते आणि फळी वाकते. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. मात्र प्राइमरपुढे जाऊ नये. पाट्या भट्टीतून आल्यावर त्या फळीवर रेखाटनाप्रमाणे मांडाव्यात, पेन्सिलीने खऱ्या कडा आखाव्यात, आणि प्रत्येक पाटीच्या जागी मध्यभागी १२ सेंमीचा चौरस मास्किंग टेपने झाकावा. सिलिकॉनने पाटी तिथे चिकटणार आहे; रंगाच्या सालपटावर ती चिकटवली तर सालपटासकट खाली येते.

गेरू आणि पिवळी माती कोरडी वापरायची असेल तर मास्क लावून आधी पाण्यात रात्रभर भिजवावी, वर आलेले पाणी ओतून टाकून घट्ट लगद्यात तेवढेच मीडियम मिसळावे आणि एका तुकड्यावर लावून पाहावे. वाळल्यावर बोट फिरवून रंग बोटाला लागला तर मीडियम कमी पडले आहे.

रंग गडदापासून उजळाकडे आणि पातळ थरांत चढवावा. उदाहरणातल्या कामात पहिला थर काळपट तपकिरी, त्यावर रोलरने तुटक गेरू, आणि त्यावर पाण्याने सैल केलेला पिवळा-पांढरा थर होता. तो अर्धवट वाळला असताना ओल्या फडक्याने काही ठिकाणी पुसल्यावर खालचा गेरू वर आला. प्रत्येक थरामध्ये अर्धा ते पाऊण तास जाऊ द्यावा. अॅक्रिलिक रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे ओल्या अवस्थेत भाजक्या मातीशी तंतोतंत जुळवलेली छटा वाळल्यावर मातीपेक्षा जड दिसते. जुळवायची छटा आधी कागदावर लावून, वाळवून, पाटीशेजारी धरावी.

सावधान : पाट्यांवरची रेघ फळीवर पुढे चालू ठेवण्याचा मोह होतो. तिसऱ्या टप्प्यातली वाटणी इथे पुन्हा वाचावी.

## टप्पा १० : पाटीवर रंग

भाजलेली माती पाणी शोषते, म्हणून तिच्यावर थेट लावलेला रंग डागासारखा आत जातो आणि पुसला जात नाही. एक भाग मीडियम आणि तीन भाग पाणी यांचा एक हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. मग पाण्याने सैल केलेला काळपट तपकिरी रंग खोबणींत भरावा आणि लगेच किंचित ओल्या स्पंजने वरचा सपाट भाग पुसून घ्यावा. एका वेळी एकच पाटी घ्यावी. चारही भरून मग पुसायला बसले तर पहिली वाळलेली असते.

निदान अर्धी माती उघडी राहू द्यावी. सगळी पाटी रंगाने झाकायची असेल तर माती भाजण्याचा खटाटोप करण्यापेक्षा पुठ्ठा वापरणे सोयीचे. चकचकीत वार्निश लावू नये, त्याच्या चमकेत तिरप्या प्रकाशाची सावली नाहीशी होते.

## टप्पा ११ : जोडणी आणि टांगणी

टांगण्याचे हूक आधी बसवावेत, कारण पाट्या लागल्यावर फळी पालथी घालता येत नाही. फळीच्या मागे वरून एक तृतीयांश उंचीवर, दोन्ही कडांपासून १० सेंमी आत, फळीच्या जाडीपेक्षा आखूड स्क्रूने दोन हूक लावावेत. त्यानंतर टेप काढावा, पाटीची मागची बाजू ब्रशने झटकावी, खाचांवर सिलिकॉनचे पाच ठिपके आणि मधून एक आडवी रेघ द्यावी आणि पाटी आखणीवर दाबावी. ६ मिमीची फट राखण्यासाठी मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे अडकवावेत. लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने हे काम करू नये : प्लायवूड ऋतूप्रमाणे थोडे फुगते-आकसते, भाजलेली माती तसे करत नाही, आणि कडक गोंद हा फरक सहन न होऊन सुटतो. सिलिकॉन लवचीक राहते.

फळी २४ तास आडवी ठेवावी. एका पाटीचे वजन साधारण अर्धा किलो भरते आणि फळीसह सारे काम चार ते पाच किलोंपर्यंत जाते, म्हणून भिंतीत प्लगसह दोन स्क्रू घ्यावेत. जागा निवडताना समोरून प्रकाश पडणारी भिंत टाळावी; खिडकी ज्या भिंतीला काटकोनात आहे ती भिंत घ्यावी. काम लावल्यावर संध्याकाळी दिवा वरून आणि बाजूने असा दोन ठिकाणी धरून पाहावा, आणि ज्या बाजूने खोबणींची सावली रेखाटनातल्यासारखी पडते त्या बाजूलाच दिव्याची वायर ओढून घ्यावी.